नारिंगी पट्टीचं गिऱ्हाईक

मी काय करते असं कुणी विचारलं तर मी सांगते, काळजी करते आणि त्याचा मला पगार मिळतो. लोक हसतात. हसू देत बापडे. आई म्हणायची, हिला काळजी करायला काही नसलं तर ही शेजाऱ्यांकडून उसनी आणेल. आता मला उसनी आणावी लागत नाही, शेजारीच आणून देतात.

मोठमोठ्या इमारतींत कपाटंच्या कपाटं भरून संगणक ठेवलेले असतात. ते एकमेकांशी सारखे बोलत असतात. ते बोलणं काचेच्या तारांमधून जातं, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला बोटाएवढं एक मॉड्यूल खाचेत बसवलेलं असतं. या सगळ्या जोडणीला इथरनेट म्हणतात. तिचा वेग कुणा एकाने ठरवून चालत नाही, कारण एकाने बनवलेलं दुसऱ्याच्या खाचेत बसलं पाहिजे. म्हणून समिती भरते. कारखानदार, गिऱ्हाईकं, प्रयोगशाळावाले असे सगळे जमतात, आणि पुढचा वेग कोणता, त्याचं काम कधी सुरू करायचं, यावर हात वर करून मत देतात. लवकर सुरू केलं तर माल गोदामात धूळ खातो. उशीर केला तर ज्याला जसं सुचेल तसं तो बनवून मोकळा होतो आणि कुणाचं कुणाला बसत नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा हा प्रकार आहे. फक्त इथे भट-भटणी दीडशे आहेत आणि तुरी अजून पेरलेल्यासुद्धा नाहीत.

तुरी किती येतील ते सांगायचं काम माझं. या खेपेचा प्रश्न असा होता की, दुप्पट वेगाचं काम आत्ता हाती घ्यायचं की दोन वर्षं थांबायचं. माझा आलेख म्हणत होता, आत्ता. मागणीची रेघ बरीच वर्षं सावकाश चढत जायची आणि शेवटच्या टप्प्यात एकदम भिंतीसारखी उभी राहायची. ती भिंत बघून भल्याभल्यांची मतं बदलली होती. मतदान गुरुवारी दुपारी होतं.

गुरुवारी सकाळी मी हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसले होते, पोटात गोळा घेऊन. कारण काहीच नव्हतं. मतदान असलं की मला तो येतोच. समोर बारकी पलंगावर टॉवेल अंथरून शर्टाला इस्त्री करत होती, कारण खोलीतली इस्त्रीची घोडी लंगडी होती. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, डोक्याने माझ्याहून तेज, आणि काळजी या विषयात साफ ढ.

प्रकाशातून दुप्पट वेगाने येणारा संदेश ओळखणारी चिप बारकी बनवते. त्यासाठी चांगली भरभक्कम नोकरी सोडून चार वर्षांपूर्वी ती एका लहान कंपनीत गेली, कारण तिथल्या मालकाने तिला प्रयोगशाळा दिली आणि हाताखाली अकरा माणसं. मालकाने गेल्या महिन्यात तिला स्वच्छ सांगितलं होतं. समितीने 'आत्ता' म्हटलं तर प्रयोगशाळा चालू राहील. 'थांबा' म्हटलं तर महिनाअखेर कुलूप. दोन वर्षं अकरा माणसांना कशावर पोसायचं, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. त्या दुपारी माझ्या रेघेवर बहिणीची चार वर्षं आणि अकरा घरांची चूल अवलंबून होती. गोळ्याला कारण नव्हतं असं मी म्हटलं खरं, पण कारण शर्टाची कॉलर दाबत माझ्यासमोरच उभं होतं.

आम्ही याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो. समितीच्या आठवड्यात दोघींनी कामाचं बोलायचं नाही, हा माझा नियम. मी सगळ्यांचे आकडे गोळा करणारी, ती एका कंपनीची. उद्या कुणी म्हणायला नको की थोरलीने धाकटीच्या कानात सांगितलं. बारकी या नियमाला हसायची, पण पाळायची. त्या सकाळी ती एवढंच म्हणाली की ताई, तू तिसऱ्यांदा चार्जर तपासतेयस, तो कुठे पळून जात नाही.

घोड्याने पेंड खाल्ली ती कॉफीच्या सुट्टीत. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात लांब टेबलं मांडली होती आणि कॉफी नेहमीसारखी कडू होती. मी कप घेऊन उभी असताना मॉड्यूल बनवणारा एक उंच गृहस्थ माझ्याकडे आला. समितीत किमतीबद्दल किंवा कोण कुणाला माल विकतो याबद्दल बोलायला सक्त मनाई असते, रोज सकाळी अध्यक्ष ते वाचून दाखवतात. त्यामुळे लोक गिऱ्हाइकांची नावं घेत नाहीत, त्यांच्या खोडी सांगतात. याने सांगितलं की एका बड्या गिऱ्हाइकाने दुप्पट वेगाची प्रचंड मागणी नोंदवली आहे, पण हट्ट असा की मॉड्यूल खाचेतून ओढून काढायची जी रबरी पट्टी असते, ती नारिंगीच हवी. साऱ्या जगाची काळी असते. यांच्या तंत्रज्ञांना अंधाऱ्या कपाटात काळी दिसत नाही म्हणे. आम्ही हसलो.

थोड्या वेळाने दुसऱ्या कारखान्याची बाई भेटली. तीही खुशीत होती. मोठं काम हाती आलंय, म्हणाली, फक्त रबरवाला वैतागलाय, कारण नारिंगी रंग उन्हात उतरतो आणि गिऱ्हाईक ऐकत नाही. मी हसले, पण कप टेबलावर ठेवून दिला. तिसरा बिस्किटांच्या ताटापाशी होता. त्याला मीच विचारलं, अगदी सहज, की काय हो, हल्ली पट्ट्यांचे रंग बदलायला लागलेत का. तो चकित होऊन म्हणाला, तुम्हाला कसं कळलं? आम्हाला नारिंगी करायला सांगितलीय.

हा एकच रंग तिघांकडे निघणं वाईट होतं. का, ते सांगते.

कारखानदार एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. म्हणून गिऱ्हाइकांनी त्यांच्याकडे काय काय मागितलंय ते आकडे ते माझ्याकडे थेट पाठवत नाहीत, समितीच्या चिटणिसाकडे पाठवतात. चिटणीस सगळी नावं पुसतो आणि नुसते आकडे मला देतो. त्याला आम्ही 'कुलूप' म्हणतो. मी ते आकडे बेरजेत धरते. ही पद्धत मीच बसवली, आणि तिचं कौतुकही पुष्कळ झालं. आता समजा एका मोठ्या गिऱ्हाइकाने तिघांकडेही पूर्ण मागणी टाकली, जो आधी तयार होईल त्याच्याकडून घेऊ म्हणून, तर तिघेही तो आकडा आपला म्हणून पाठवणार. कुलूप नावं पुसणार. आणि मी एकच मागणी तीनदा मोजणार.

मी लॅपटॉप उचलला आणि जिन्यात जाऊन पायरीवर बसले. तीन आकडे लगेच सापडले. एकाच वर्षाचे, जवळजवळ सारखे. आले तेव्हा मी त्यांच्यावर खूश झाले होते हे मला आठवलं. तीन वेगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगतायत म्हणजे गोष्ट खरी, असं मी माझ्या मदतनीस मुलीला शिकवलंसुद्धा होतं. साक्षीदार तीन नव्हतेच. एकच माणूस तीन दारांतून आत आला होता. मी तिघांतले दोन आकडे काढले आणि रेघ पुन्हा काढली. भिंत गेली. रेघ पहिल्यासारखीच सावकाश चढत राहिली, आणि ती अगदी स्पष्टपणे म्हणत होती, दोन वर्षं थांबा.

आता मनाचे खेळ सुरू झाले. मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणतात, पण माझं मन त्या वेळी उलटं वकिली करायला लागलं. नारिंगी पट्टी तीन निरनिराळ्या गिऱ्हाइकांनी मागितली नसेल कशावरून? आणि अंदाज तो अंदाज, चुकायचाच. पण मला माझं काम कळतं. अंदाज चुकला तर लोक माफ करतात. मोजणी चुकली तर ती चूक असते, आणि कळल्यावर झाकली तर तिला दुसरं नाव आहे.

मी कुलपाकडे गेले. तो रिकाम्या सभागृहात नावांच्या पाट्या सरळ करत होता. हे तीन आकडे एकाच गिऱ्हाइकाचे आहेत का एवढंच सांग, म्हटलं. तो म्हणाला, नावं उघडायला तिघांचीही लेखी परवानगी लागते, आणि त्याला आठवडे लागतात, आणि हा नियम तुमचाच आहे. मग मतदान पुढे ढकला, म्हटलं. तो बिचारा भला माणूस आहे. त्याने हातातली पाटी खाली ठेवली आणि म्हणाला की ते एकाच प्रकाराने होऊ शकतं. तुम्ही स्वतः उभं राहून सांगायचं की माझ्या आलेखावर विसंबू नका. दुसरं कुणी ते सांगू शकत नाही, कारण दुसऱ्या कुणाला ते माहीतच नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

जेवणाच्या सुट्टीत बारकीने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. सूप, पाव, कसलीशी उकडलेली भाजी. मी सूप ढवळत राहिले. बारकीने इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली,

"ताई, नियम मोडतेय. ओरडू नकोस. हे बघ."

तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर निळ्या-पिवळ्या रेघांची जाळी होती आणि मध्ये स्वच्छ, काळी, बदामाच्या आकाराची मोकळी जागा. आमच्या धंद्यात याला डोळा म्हणतात. आलेला संदेश हजारो वेळा एकावर एक काढतात. चिपला तो नीट ओळखता येत असेल तर रेघा जुळतात आणि मध्ये डोळा उघडतो. येत नसेल तर नुसता चिखल. गेली चार वर्षं बारकीच्या प्रयोगशाळेत चिखल होता. मी तो पाहिलेला होता. डोळा आज सकाळी उघडला होता, आणि तिच्या माणसांनी तिला हे चित्र पाठवलं होतं.

मी म्हटलं, छान आहे गं. खरंच छान होता. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी पाव तोंडात कोंबला. बारकी त्या डोळ्याबद्दल बोलत राहिली, कुणी रात्ररात्र जागून काय बदललं, कुणाच्या आईने फोनवरून त्यांना झोपायला जा म्हणून कसं दटावलं. मी मान हलवत होते. दोनदा माझ्या ओठांवर आलं आणि दोनदा मी गिळलं. मी स्वतःला सांगत होते की नियम आहे, सभागृहाआधी एका कंपनीला सांगणं बरोबर नाही. पण खरं ते नव्हतं. ती म्हणाली असती, ताई, आजच्या दिवस गप्प बस, तर मी गप्प बसले असते. मला माझीच खात्री नव्हती. म्हणून मी तिला ते म्हणायची संधीच दिली नाही.

दुपारी माझं नाव पुकारलं. मंचावर माझा जुना आलेख लावलेला होताच, भिंतीसकट. मी अध्यक्षांना म्हटलं, मला काही दुरुस्त करायचंय. मग जे कळलं ते सांगितलं, कुणाचं नाव न घेता. एकच मागणी बहुधा तीनदा मोजली गेली आहे. पद्धत माझी, चूक माझी. दोन आकडे काढले तर रेघ अशी दिसते. मी नवी रेघ दाखवली. कॉफीच्या टेबलापाशी भेटलेले ते तिघे एकमेकांकडे पाहायला लागले होते, आणि त्यांचे चेहरे बघून माझी उरलीसुरली शंका फिटली.

मग प्रश्न. सभागृहात मधोमध माईक उभा असतो, त्यामागे रांग लावायची. उंच गृहस्थ तावातावाने बोलला की ऐन मतदानाच्या दिवशी हे काय चाललंय, वर्षभर झोपला होतात का. मी म्हटलं, हो, तसंच म्हणावं लागेल. आणखी दोघांनी विचारलं, मी उत्तरं दिली. त्यांच्या मागे बारकी उभी होती. इस्त्रीचा शर्ट, कॉलर एका बाजूला वळलेली. समितीत आम्ही एकमेकींना तुम्ही म्हणतो.

"हे तुमच्या कधी लक्षात आलं?" तिने विचारलं.

"आज सकाळी. कॉफीच्या सुट्टीत."

"म्हणजे जेवणाच्या आधी."

मी हो म्हटलं. ती माईकपाशी तशीच उभी राहिली. दीडशे माणसांना वाटलं असेल की ही पुढचा प्रश्न जुळवतेय. मग "आभारी आहे" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. तिच्या शेजारी तिचा मालक बसला होता. तो तिच्या कानाशी लागून काहीतरी बोलत होता आणि ती समोर बघत होती.

मतदानाआधी अध्यक्ष नेहमीचं वाक्य म्हणतात. इथे प्रत्येकाने स्वतःचं मत द्यायचं, आपल्या कंपनीचं नाही. दर वेळी सभागृहात खसखस पिकते, कारण कंपनीच्या पैशाने आलेला माणूस कंपनीचाच हात वर करतो हे शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी कुणी हसलं नाही. चारातले तीन हात मिळाले तर 'आत्ता'. अध्यक्षांनी हात मागितले. मी मंचावर होते, मला सगळं दिसत होतं, आणि मी फक्त एकच रांग बघत होते. मालकाचा हात वर गेला. बारकीचा नाही. मालकाने तिच्याकडे पाहिलं. ती मांडीवर हात ठेवून बसली होती, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखी. मग अध्यक्षांनी 'थांबावं' म्हणणाऱ्यांचे हात मागितले, आणि तिने हात वर केला. कोपरातून सरळ, डोक्याच्या वर, मोजणाऱ्याला दोनदा बघायला लागू नये असा.

ठराव पडला. निम्मेही हात 'आत्ता'ला मिळाले नाहीत.

मी खोलीवर गेले तेव्हा ती बॅग भरत होती. बाहेर उजेड होता आणि खिडकीखाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मी दाराशीच उभी राहिले. आत यायला मला भीती वाटत होती, स्वतःच्या बहिणीची, जिला मी न्हाऊमाखू घातलं होतं. मग मी नको ते सगळं बोलायला लागले. दुसरी कंपनी तिला हसत घेईल, डोळा तर उघडलाच आहे, दोन वर्षं काय बघता बघता जातील. ती घड्या घालत राहिली.

"ताई, तू बरोबर केलंस," ती म्हणाली. "त्याबद्दल बोलूच नकोस. मला एकच सांग. जेवताना का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, नियम होता.

"मी मोडला होता ना नियम. तुझ्यासमोर. पाच मिनिटं डोळा दाखवत होते तुला मी." तिने टॉवेल बाजूला टाकला. "तुला वाटलं मी तुला गप्प बसायला सांगेन."

मला नाही म्हणता आलं नाही. मी कुणाशीही खोटं बोलू शकले असते त्या वेळी, कुलपाशी, अध्यक्षांशी, पण तिच्याशी नाही. मी म्हटलं, मला वाटलं तू सांगितलंस तर मी ऐकेन.

"म्हणजे माझाही अंदाज बांधलास."

ती पलंगावर बसली. मीही बसले, पण मध्ये बॅग होती. तिने फोन काढला आणि प्रयोगशाळेत लावला. तिकडे सगळे एका खोलीत वाट बघत असणार, कारण पहिल्याच घंटेला उचलला. ती शांतपणे बोलली. ठराव पडला. हो, महिनाअखेर. हो, मालक तेच म्हणाला. पलीकडून कुणीतरी मोठ्याने काहीतरी विचारलं, मला शब्द कळले नाहीत, पण रोख कळला. मी मान खाली घातली.

"नाही रे," बारकी म्हणाली, "ताईने पाडला नाही. मोजणी चुकली होती. आम्ही ती दुरुस्त केली."

एवढं बोलून ती पुढचं बोलायला लागली, यंत्रं कशी बंद करायची, डोळ्याची नोंद कुठे जपून ठेवायची, कुणाकुणासाठी शिफारशी लिहायच्या. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी तिच्या शेजारी बसून राहिले. मला तिची माफी मागायची होती, पण ती फोनवर होती, आणि अकरा माणसं एकेक करून तिच्याशी बोलणार होती.